तुमच्या पेटीतले दिवाळी अंक

अण्णा, परवा बीडच्या रद्दीच्या दुकानात तुमच्याकडं होता तसाच एक जुना दिवाळी अंक सापडला. मुखपृष्ठावर नऊवारीतली बाई, तिच्या मांडीवर मांजर, कोपऱ्यात चित्रकाराची बारीक सही. आधी सही शोधायची, मग चित्र बघायचं, हे तुमचंच शिकवणं. दुकानातला म्हातारा चाचा म्हणाला, "बेटी, तुझे वडील बी असंच उभ्यानं बघायचे. लई वेळ." कपाटभर अंक झालेत आता. लोकांना वाटतं, बापाचा नाद लेकीनं उचलला. मी मान हलवते.

तो दुष्काळ. ऊसच नव्हता, म्हणून तुमचा सहकारी साखर कारखाना बंद, वजनकाट्यावरची तुमची नोकरीही बंद. जनावरं नेकनूरकडच्या चारा छावणीत न्यायची आणि त्यांच्यापाशी तुम्हीच राहायचं, असं ठरलं. माय तापानं फणफणलेली. निघताना तुम्ही पत्र्याची पेटी उघडता, अंकांमधला लिंबाचा पाला बदलता, मला बजावता, "पेटीला कुनाचा हात लागू देऊ नको." मायच्या तापाचं तुम्ही नावही काढत नाही.

जनावरं छावणीत गेली की घरात शेण नाही, आणि शेण नाही म्हणून गोवऱ्या नाहीत. गावातल्या प्रत्येक बाईला तेव्हा हाच घोर होता. आठव्या दिवशी मी पेटी उघडली. आधी आतली पानं चुलीत घातली. मुखपृष्ठं गुळगुळीत, ती लवकर पेटेनात, नुसता धूर करत राहिली. शेवटी तीही पेटली. त्यावर मी चार दिवस भाकरी भाजल्या.

तुम्ही आलात, पेटी उघडलीत. माय अंथरुणातूनच म्हणाली, "म्या जाळले. लेकरू उपाशी ठिवू का?"

"तुला काय कळतंय त्यातलं," एवढंच तुम्ही म्हणालात. मायशी तुमचं ते शेवटचं बोलणं. पुढची चार वर्षं सगळं माझ्यामार्फत. "मायला सांग, टँकर आलाय." "मायला सांग, भाकर वाढ." माय हाताच्या अंतरावर बसलेली असायची आणि मी निरोप सांगायची. शेवटच्या दुखण्यात तिनं तुम्हाला चमच्यानं पाणी पाजलं, तेव्हाही तुम्ही माझ्याकडं बघून पुटपुटलात, "बास म्हनावं तिला." मला तुमची कीव आली नाही, संताप आला. स्वतःचाही आला. तरी तोही निरोप मी तिला सांगितला.

मायला एकदा विचारलं, माझं तू स्वतःवर का घेतलंस? म्हणाली, "तुला मारलं असतं त्यांनी. माझ्याशी नुसतं बोलनंच सोडलं." गेल्या वर्षी तीही गेली. हा कागद मी कुठंच धाडणार नाही, कपाटातल्या अंकांत ठेवून देईन.

सरपण होतं, अण्णा. गोठ्यात तुराट्यांची एक मोळी पडून होती. मला तुमचा राग आला होता, म्हणून जाळले. तुम्ही पेटी उघडलीत त्याच संध्याकाळी माय तापातच उठली आणि तुमच्या नजरेला पडू नये म्हणून ती मोळी तिनं गुपचूप चुलीत घातली. मी दारातून बघत होते. तिला हे कधी बोलले नाही.