भिंतीलगतची जागा

२ फेब्रुवारी

जागा ठरली! मागच्या अंगणात, मधल्या भिंतीपासून चार हातांवर. सकाळी ऊन, दुपारी झाडाची सावली, वारा भिंतच अडवते. शिवणकाम बाजूला ठेवून तीन दिवस टेप घेऊन फिरले. माझं ब्लाउजचं माप कधी चुकत नाही, तर मधपेटीचं कसं चुकेल?

हे म्हणाले, "भिंतीपलीकडे वहिनी राहतात, विसरलीस का?" विसरेन कशी! भिंत घातली तेव्हापासून मी आणि जाऊबाई बोलत नाही. सहा वर्षं झाली. सासूबाईंचं शिलाई मशीन माझ्याकडे आलं, एवढंच निमित्त. पण पेटीचं तोंड मी मुद्दाम भिंतीकडे ठेवणार आहे — निघताक्षणीच माश्या वर चढतील आणि त्यांच्या डोक्यावरून जातील. सगळा विचार केलाय!

५ फेब्रुवारी

मधवाला पेटी लावून गेला. जागा बघून म्हणाला, "ताई, पहिलीच पेटी ना? कुणी शिकवलं?" कुणी नाही! अंगावर मूठभर मांस चढलं. मुंग्या चढू नयेत म्हणून तिवईच्या पायांखाली तेलाच्या वाट्यासुद्धा ठेवल्या होत्या मी.

त्याच हुरुपात मागचा गळका नळ दुरुस्त करून घेतला. वर्षभर टपटपत होता मेला. आता अंगण कसं कोरडं ठणठणीत.

६ फेब्रुवारी

माश्या बघता बघता दोनदा चहा गार झाला.

११ फेब्रुवारी

भावजी फाटकात उभे, आत येईनात. "हिच्या धुण्याच्या टबावर माश्यांची रांग लागते. कपडे भिजवायची सोय राहिली नाही." निरोप पोचवून पोचवून बिचारे थकलेत.

मधवाल्याला फोन केला. त्यानं एवढंच विचारलं, "पाणी कुठे ठेवलंय?"

मुंग्यांसाठी तेल, आणि माश्यांना प्यायला थेंब नाही! गळका नळ होता, तोही मीच बंद केला.

१३ फेब्रुवारी

परातीत पाणी ठेवलं, माश्या बुडू नयेत म्हणून खडेही घातले. दोन दिवसांत एकही फिरकली नाही. मधवाला म्हणतो, "त्यांचा पाणवठा ठरलाय आता. पेटी अंगणातच दुसरीकडे नेलीत तर जुन्या जागी येऊन घुटमळतील, मरतील. रविवारी सकाळी येऊन मीच परत नेतो."

हे म्हणाले, "एकदा वहिनींशी बोलून तर बघ." मी बोलू? आधी? त्यापेक्षा पेटी गेलेली बरी!

म्हणाले खरी. मग मशीनवर बसले तर टाके दिसेनात. फार वाईट वाटतंय.

१५ फेब्रुवारी

जागा मात्र उत्तम होती. अजूनही म्हणेन.

१६ फेब्रुवारी, रविवार

मधवाला पेटीचं तोंड बंद करायला वाकला, तेवढ्यात भिंतीवर जाऊबाईंचं डोकं. स्टुलावर चढल्या असाव्यात. थेट मला म्हणाल्या, "पेटी हलवायची नाही! टबात खडे घातलेत मी, धुणं बादलीत भिजवते. तुझा नळ टपटपायचा थांबला, तेव्हाच म्हटलं, आता ह्या माश्या पाण्याला कुठे जाणार."

माझा नळ त्या ऐकत होत्या! वर्षभर!

मी म्हटलं, "चहा टाकते, या." आल्या.