चार कोअर आणि म्हातारी हार्डडिस्क

आबा, आज आपल्या मानवतच्या दुकानात कॉम्प्युटरवाला येऊन गेला. म्हणाला, "ताई, सोळा कोअरचा प्रोसेसर टाका, मशीन नुसतं पळंल बघा." मी विचारलं, "आधी हे सांगा, आमचं मशीन अडतंय कुठं?" त्यानं नुसता दराचा कागद पुढं सरकवला. एवढा साधा प्रश्न बारा वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारला असता तर तुमचं काय बिघडलं असतं?

लग्नाचं शूटिंग तुम्ही करायचात, कॉम्प्युटरवर त्याची काटछाट-जोडणी, म्हणजे मिक्सिंग, मी. दिवसभर त्या खुर्चीत मी बसायची, मग मशीन कुठं अडतं ते मला ठाऊक असणार, की पुण्यात नोकरी करणाऱ्या दादाला? "आबा, प्रोसेसर ठीक हाय. हार्डडिस्क म्हातारी झाली, ती बदलू," मी म्हणाले, तर तुम्ही माझ्यासमोरच दादाला फोन लावला. दादा म्हणाला, चार कोअरचा घ्या. झालं! "बघ, त्याला विचारलं ते बरं झालं. तुला काय कळतंय त्यातलं?" समोर गिऱ्हाईक बसलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रोसेसर आला. तुम्ही मशीनला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. तयार फिल्म बाहेर काढताना तो खरंच उपयोगी पडायचा, चारही कोअर, म्हणजे त्याचे चार मेंदूच म्हणा, एकदम कामाला लागायचे, खोटं कशाला बोलू? पण एखादी क्लिप उघडायची म्हटलं की पुन्हा तेच. डिस्क घरघरतीय आणि मी पडद्याकडं बघत बसलेय. तुम्ही मात्र येईल त्याला सांगायलात, "लय फास्ट झालंय, पोरानं सुचवलं."

दीड महिन्यात डिस्क बसली, कायमची बंद पडली. तिच्यात ताडकळसचं अख्खं लग्न होतं, आणि कॅमेऱ्याची कार्डं तुम्ही नेहमीसारखी दुसऱ्या लग्नासाठी पुसून टाकलेली. आपण दोघं ताडकळसला गेलो. तुम्ही नवरीच्या वडिलांपुढं हात जोडून उभे राहिलात. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "माझी आई नाचली होती हो त्यात. परवा गेली ती." तुम्ही पुन्हा कॅमेरा हातात धरला नाहीत, आणि वर्षभरात तुम्हीही गेलात. "पोरी, तुझं ऐकायला पायजे होतं," एवढं म्हणायला तुम्हाला वर्ष पुरलं नाही का? मी रोज वाट बघायची, आबा.

आजच्या माणसाला मी परत लावून दिलं. हल्लीच्या शूटिंगला जास्त कोअर लागतात, पुढच्या लगीनसराईला कदाचित घेईनही. माझं मी ठरवीन.

तुम्ही समोर असतात तर पुढचं मी बोलले नसते. डिस्क बसायच्या आधी चार दिवस ती कटकट वाजायली होती. ताडकळसचं लग्न दुसरीकडं उतरवून घ्यायला एक दुपार पुरली असती. मला कळत होतं. मी मुद्दाम उतरवलं नाही. म्हटलं, बसू दे, कळू दे एकदा यांना.