मकाऊत मला कोण ओळखतंय

गुरुवार, १० ऑक्टोबर. संध्याकाळ.
उद्या चुंग यंगची सुट्टी. अख्खं हाँगकाँग पितरांची थडगी झाडायला डोंगरावर जाणार आणि आम्ही मकाऊला. मोकला तिथल्या एका कॅसिनोच्या हॉटेलात दोन रात्रींची खोली फुकट मिळाली आहे. मोक म्हणजे ट्राम डेपोतला माझा तीस वर्षांचा सोबती. अंगाने आडवा, मनाने लोणी, पत्ते दिसले की अक्कल गहाण. एकटा गेला तर पँटसुद्धा हरून येईल. म्हणून मी जातोय. तेवढ्यासाठीच.
संकल्प: एक, मोकवर कंट्रोल. दोन, स्वतः खेळायचं नाही. तीन, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही.
आईला सांगितलं, शेन्झेनला दात बसवायला चाललोय. शेहेचाळीस वर्षांपूर्वी बाबा तपकिरी जाकीट घालून शनिवार-रविवारपुरते मकाऊला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून तिच्यासमोर मी त्या गावाचं नावही काढत नाही. ती आता पंचाऐंशीची. तिला जपणारा मी एकटाच.
मी स्वतः कधी मकाऊ बघितलं नाही. बोटीने एक तास लागतो. पण नोकरीत सवडच झाली नाही. रिटायर होऊन दोनच वर्षं झाली.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. दुपारी ३.
पोहोचलो. बोटीत मोकला उलटी झाली. मला नाही.
मोकने रिकाम्या खोलीच्या दारावर तीनदा टकटक केली. म्हणाला, माफ करा हं, दोनच दिवस आहोत, तुम्हाला त्रास देणार नाही. मग चपला काढल्या, एक सरळ, एक पालथी. म्हणे अशाने ते पलंगावर चढत नाहीत. ते म्हणजे कोण, मी विचारलं. तर म्हणाला, गप रे, ऐकतील. शिकला-सवरलेला माणूस! मी पोट धरून हसलो.
थोड्या वेळाने पाहिलं तर माझ्याही चपला तशाच. मोकनेच केलं असणार.

शुक्रवार. संध्याकाळी ६.
मोक पत्त्यांच्या, बाकाराच्या टेबलाला चिकटला. मी मागे उभा राहून नजर ठेवली. पंधरा मिनिटं ठेवली.
मग तपकिरी जाकिटातला एक म्हातारा पाठमोरा दिसला. जरा पोक काढून, उजवा खांदा पाडून चालणारा. मी सहज त्याच दिशेने निघालो. तो फाशांच्या टेबलाकडे, मी फाशांच्या टेबलाकडे. तो चहाच्या गाडीकडे, मी पण. तो मुतारीत शिरला. मीही.
तिथे तो वळला आणि म्हणाला, काय हो, केव्हापासून बघतोय, काय पाहिजे काय तुम्हाला? बोलण्यावरून चीनमधल्या फुजियानचा वाटला. पन्नाशीचासुद्धा नसेल. मी म्हणालो, साबण.
मोकला सांगितलं, हॉलची पाहणी करत होतो.
आणखी एक. इथल्या खांबांना आरसे आहेत. एका खांबाजवळ एक थकलेला माणूस उभा होता, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. भुवया बाबांच्या. कानही बाबांचेच. मी हात वर केला. त्यानेही केला.
दिव्यांची योजना अगदी टाकाऊ आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ९.
हॉटेलचा नाश्ता फुकटात नाही, म्हणून मोक जुन्या गावातल्या गल्लीत पेज प्यायला घेऊन गेला. चार टेबलांचं दुकान. मालकीण साठीची, हो-बाई म्हणतात तिला. मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होती. तिने वर पाहिलं, मला बघितलं आणि डाव पातेल्यात बुडाला.
माझा नवा भांग तिला आवडला असावा.
ऑर्डर न घेताच तिने माझ्यापुढे वाडगा ठेवला. काळं अंडं, आलं अजिबात नाही. मला आलं चालत नाही हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मग तिने माझ्या मनगटाला एक बोट लावलं, तव्याला लावतात तसं. पुटपुटली, गरम आहे. मग हळू आवाजात म्हणाली, काका, काल मी येऊन गेले की. फुलं ठेवली, कोंबडी ठेवली. काही कमी पडलं का? आणि तुम्ही तर तिकडे जाऊन तरुण झालात!
बाईची नजर कमजोर झाली आहे. चष्मा लागला असेल.
तिने पैसे घेतले नाहीत. मोकने वाडगा अर्धा टाकला. तीस वर्षांत असं मी पहिल्यांदा पाहिलं.

शनिवार. दुपारी ४.
मोक आज एकही डाव खेळला नाही. माझा कंट्रोल कामी आला. तो नुसता समोर बसून माझ्याकडे बघतोय. मधेच म्हणाला, फाय, तुझ्या बाबांचा फोटो आहे का रे तुझ्याकडे? मी म्हणालो, होते ते फोटो सोळाव्या वर्षीच जाळले. तो म्हणाला, ती बाई कोणाला काका म्हणाली, कळतंय ना तुला? मी म्हणालो, तू चहा पी.
संकल्प दोनबद्दल: फाशांच्या टेबलावर फक्त मन रमवायला बसलो होतो. मोजत नाही.
संकल्प तीनबद्दल: आज तपकिरी जाकिटं जरा जास्त आहेत. एकोणीस.

रविवार, १३ ऑक्टोबर. सकाळी ११.
सातला एकटाच पेजेच्या दुकानात गेलो. काल छत्री विसरलो होतो. (छत्री खोलीत सापडली.)
हो-बाई म्हणाली, आज परत? मी म्हणालो, बाई, मी जिवंत आहे. ती मटकन स्टुलावर बसली.
मग बोलू लागली. सित-काका (सित हे आमचंच आडनाव) तिच्या आईच्या वेळेपासून इथे होते. पहिल्याच वर्षी टेबलांवर सगळं घालवलं, त्यानंतर कॅसिनोची पायरी चढले नाहीत. आधी वाडगे धुवायचे, मग पेज ढवळायला लागले. माडीवरच्या खोलीत राहायचे. चौतीस वर्षं. मी विचारलं, घरी का नाही गेले? ती म्हणाली, निघायचे की हो! दर नवीन वर्षाला नवा शर्ट घालून बोटीच्या धक्क्यावर जायचे. संध्याकाळी परत. म्हणायचे, आज समुद्र खवळलाय. आम्ही बघायचो तर समुद्र ताटासारखा सपाट.
झोपेतच गेले. अकरा वर्षं झाली.
तिने विचारलं, तुम्ही कोण त्यांचे? मी म्हणालो, गिऱ्हाईक. तिने एका कागदावर देवळाचा पत्ता लिहून दिला.
बाहेर आलो तर मोक गल्लीच्या तोंडाशी उभा. मागे मागे आला होता. तोही बरोबर चालू लागला.
टेकडीवरच्या देवळात भिंतभर अस्थींचे कप्पे. खालून तिसऱ्या ओळीत, फोटोत, मी. तपकिरी जाकीट नव्हतं. निळा ॲप्रन होता. पुढे परवाची शेवंती होती. मोकने तीन उदबत्त्या पेटवून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, काका, हा फाय. आणि स्वतःच हुंदके देऊन रडायला लागला. त्याला सावरण्यात माझा बराच वेळ गेला. माझ्याही डोळ्यांत धूर गेला होता.

रविवार. दुपारी २. बोटीत.
समुद्र सपाट.
आता आईला सांगायलाच हवं. हळूहळू सांगायचं. आधी तब्येत विचारायची, मग जुन्या आठवणी, मग सूचक काही, आणि तिचा अंदाज घेऊन मुद्दा. मोक म्हणाला, मी येऊ का बरोबर? मी म्हणालो, हे घरचं नाजूक काम आहे, मलाच जमेल.

सोमवार, १४ ऑक्टोबर. दुपार.
शाम शुई पोला आईकडे गेलो. तिला खुर्चीत बसवलं. छातीच्या गोळीची बाटली हाताशी ठेवली, पाण्याचा पेला ठेवला. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना घरीच थांबायला सांगून ठेवलं होतं.
मी म्हणालो, आई, घाबरू नकोस. ती म्हणाली, दात दाखव. मी म्हणालो, दात बसवले नाहीत, मी मकाऊला गेलो होतो. बाबा...
ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, हो, अकरा वर्षं झाली. मी होते ना तिथे. निळ्या ॲप्रनमधला फोटो मीच निवडला, दुसऱ्यात डोळे मिटलेले होते.
गोळी मीच घेतली.
पत्ता लागल्यापासून ते बाबा जाईपर्यंत पंचवीस वर्षं ती महिन्यातून एकदा जायची. देवळातल्या बायकांबरोबर सहलीला जाते म्हणून. धक्क्यावर तिला मीच सोडायचो. सांभाळून जा, असंही म्हणायचो.
मी ओरडलो, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तूच ना सोळाव्या वर्षी दार आपटून बजावलंस, या घरात त्या माणसाचं नाव निघालं तर मी घर सोडून जाईन? एक गेला होता. दुसरा कसा घालवू?
मीही वाटाणे सोलायला बसलो. मग मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलायचे का? ती म्हणाली, दर खेपेला एकच. पोरगा अजून रागावलाय का? मी म्हणायचे, हो, रागावलाय.
मी म्हणालो, आई, मी रागावलेलो नाही.
ती म्हणाली, बरं. हात धुऊन घे, जेवायला वाढते.