हरणाच्या वाटा

प्रिय पप्पा, शालोम.

इथला बर्फ वितळला, माझा खोकलाही गेला. आपल्या धाकट्या निरीतच्या साखरपुड्याला मालिद्याच्या प्रसादाचे पोहे कुणी भिजवले?

शिकाऱ्यांना फोनवर हरणाच्या वाटा सांगायचं माझं काम सध्या बंद आहे. पैसे घेऊन असा सल्ला द्यायला परवाना लागतो, असं इथलं सरकार म्हणतं. त्यावरून खटला चालू आहे. माझा वकील म्हणतो, नुसतं बोलायला परवाना कशाला? कोर्टात मीही तेच म्हणालो, बंदूक मी धरत नाही, फक्त बोलतो.

तेव्हा तुम्ही आठवलात. शिकारीचं मांस आपल्या ज्यू धर्मात चालत नाही आणि मी शिकारीवरच पोट भरतो, हे कळल्यापासून तुम्ही फोनवर येत नाही. आई म्हणते, प्रार्थनेला गेलेत. दर वेळी कशी हो प्रार्थना?

वकील म्हणतो, खटला जिंकलो की मला कुणाशीही बोलता येईल.

पप्पा, एकदा फोन तुम्ही उचला.

तुमचाच,
सॅमसन