पूर्णेच्या घाटावरील नावेचा विमा

शके १७८६, आश्विन वद्य ४

नाव अमरावतीस आणून दाखवा म्हणे! विमा उतरवणाऱ्या शेठजींचा मुनीम जेठमल गादीवर बसून अगदी शांतपणे म्हणाला. मी विचारले, तिकडे नदी कोठे आहे? तर म्हणाला, गाडीवर घालून आणा. विम्याची वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेठजी शिक्का मारत नाहीत. वीस हात लांब सागाची नाव. किती बैल लागतील? आणि वाटेत गाडी मोडली तर त्याचा विमा कोण उतरवणार, हे विचारायचे राहून गेले.

जाण्यायेण्यात चार दिवस गेले. वलगावच्या मुक्कामात ढेकणांनी झोपू दिले नाही. पाय सुजले आहेत.

वद्य ५

मनाशी एकदा नीट मांडून पाहतो, म्हणजे डोके थंड होईल.

अकोटकडची रुई आमच्या घाटावर पूर्णा ओलांडून अकोल्यास जाते. अमेरिकेत लढाई चालली आहे म्हणून यंदा तिला कधी नव्हे असा भाव. ते पाहून वैशाखात मी नाव बांधली. बायकोचे, पार्बताबाईचे, हातांतले सोन्याचे गोट त्यात गेले. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता अकोल्याचे व्यापारी म्हणतात, विम्याचा कागद नसलेल्या नावेत रुईची एक गाठ चढणार नाही. नदीला पाणी फार तर दोन महिने. पुढे पात्रातून गाड्याच जातील. तेव्हा कागद दिवाळीपर्यंत हातात पडला पाहिजे. नाही तर नाव घाटावर वाळत पडेल, आणि घरातला तो न बोललेला शब्द मला जन्मभर ऐकावा लागेल.

वद्य ८

अकोल्यास उस्मानमियांकडे गेलो. मुंबईच्या कोणा नव्या विमा कंपनीचे काम ते पाहतात. कागद छापील, इंग्रजी, कडेने वेलबुट्टी. ते वाचून अर्थ सांगत, मी उत्तरे देई.

शिडे किती? एकही नाही. नांगर किती? दोराला बांधलेला एक दगड आहे. कप्तानाचे नाव? सहदेव भोई. समुद्रावरील लुटारूंचे भय आहे काय? मी म्हणालो, आमच्या पाण्यात लुटारू नाहीत, म्हशी आहेत.

"हासून नका राहू, पाटील. जागा खाली सोडली तं कागद मुंबईहून वापस येते."

मी म्हणालो, मिया, या कागदात नदी हा शब्द कोठे आहे तेवढा दाखवा. त्यांनी चष्मा लावून चारही पाने पुन्हा चाळली. नव्हता. मग म्हणाले, दर्यात नदी आलीच की. पान दिले. माणूस गोड आहे. कागद कोणाचा आहे कोण जाणे!

वद्य ९

पूजेत चित्त नाही. जप करता करता नांगर मोजतो.

वद्य १२

आज नवीनच. सहदेव आला, मागे त्याचे चौघे भाऊबंद. याच्या बापाने या घाटावर डोंगा चालवला, याने स्वतः वल्हे धरल्याला वीस वर्षे झाली. तो नसेल तर नाव म्हणजे नुसते लाकूड. विम्याचे त्याच्या कानावर गेले होते.

"पाटील, नाव बुडाल्यावर काय भेटते ते तुमी आंधीच ठरवून टाकलं. मंग आमी वल्हं कायले मारावं?"

अर्धा प्रहर समजावले. विमा म्हणजे बुडण्याचा करार नव्हे, बुडालेच तर आधार. त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "त्या कागदात माहा जीव लिवला काय?"

नाही लिहिलेला. अमरावतीचा काय, मुंबईचा काय, दोन्ही कागदांत लाकूड आहे, रुई आहे. माणूस नाही. हे मी त्याला सांगितले. पाचही जण उठून गेले.

व्यापारी विम्याशिवाय माल देत नाहीत, भोई विमा असला तर वल्हे धरत नाहीत. मी काय करू? नाव देवळासमोर उलटी घालून तिच्यावर धुणे वाळवू?

अमावास्या

मुनीमच घाटावर आला. नाव गाडीवर घालणे त्याला वाटले तितके सोपे नाही हे शेठजींच्या ध्यानात आले असावे. नाव ठोकून पाहिली, बुडाखाली हात फिरवला. अटी मोडीत लिहून आणल्या होत्या. पूर असता नाव घालू नये. सूर्य मावळल्यावर घालू नये. मालकाने माल आपल्या हाताने पाण्यात टाकल्यास शेठजींवर जोखीम नाही.

मी म्हणालो, पुरात नाही, अंधारात नाही, मग नाव बुडणार कधी? तो म्हणाला, न बुडो हीच शेठजींची इच्छा.

तरी ठरवले, अमरावतीचाच. मुंबईचा कागद देखणा. पण गावच्या पंतोजींनी मला जेवढी अक्षरे शिकवली त्यांत हा मोडीतला वाचता येतो. न वाचता सही करणे मला जमणार नाही.

कार्तिक शुद्ध २

सहदेव पुन्हा आला. पाचही जणांनी मिळून तोड काढली आहे. माल असेल त्या प्रत्येक खेपेला मालकाने नावेत बसायचे.

"तुमचा जीव आमच्या जिवाजोळ बसू द्या. मंग कागद राहो का न राहो."

मला पोहता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. पार्बताबाईला सांगितले. "नाव पायजे होती ना? मंग बसा आता," एवढेच म्हणाली. कबूल केले.

शुद्ध ५

पहिली खेप. पंधरा गाठी, पाच भोई आणि मी. डोळे मिटून नाम घेत होतो. "पाटील, डोये उघडा, काठ आला," सहदेव म्हणाला. सगळे हसले. मीही.

शुद्ध १३

दिवसाला तीन खेपा. अजूनही काठाला लागल्याशिवाय श्वास सुटत नाही.

वद्य २

डोंगराकडे अवकाळी झाला असावा. मध्यावर असता पाणी एकाएकी गढुळले, चढले, नाव फिरली. नऊ गाठी गेल्या. माणसे सुखरूप, नाव सुखरूप. अधिक लिहवत नाही.

वद्य ६

मुनीम आला. घाटावर सर्वांसमोर एकच प्रश्न: गाठी पडल्या की टाकल्या? मी घसा खाकरला. तेवढ्यात सहदेव पुढे झाला.

"म्याच टाकल्या. भेलो."

मुनिमाने लिहून घेतले. भोयाने घाबरून टाकल्या, सबब शेठजी भरून देणार. मालकाने टाकल्या असत्या तर गाठींच्या भरपाईत नाव विकली गेली असती, असे तो मला बाजूला घेऊन म्हणाला; सुटलात. मात्र सहदेवने यापुढे मालाच्या नावेत पाय ठेवायचा नाही, या घाटावर नाही, दुसऱ्याही नाही. तसे सगळ्या व्यापाऱ्यांस कळवणार आहेत.

सहदेवने वल्हे भावाच्या हाती दिले आणि गेला. माझ्याकडे पाहिले नाही.

वद्य ७

देवळात गावातला नत्थुजी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "भोयाच्या पोटी आला अन् पाण्याले भेला!" मंडळी हसली. सहदेवची बायको आता बायका गेल्यावर एकटीच पाण्याला येते.

देवापुढे उभा राहिलो. हात जोडता आले नाहीत. परत आलो.

वद्य ८

पहिली गाठ मी ढकलली. पुढच्या आठही मीच. नाव नुसती फिरली होती. सहदेव माझे मनगट धरून म्हणत होता, "बसा, पाटील, काई होत नाही."

पार्बताबाईला आत्ता सांगितले. तिने भाकर बांधून दिली आहे. अमरावतीस शेठजींकडे निघालो.