मात्सुमोतोच्या किल्ल्याचा सहावा मजला

हिंगणघाट,
१४ नोव्हेंबर १९८१

तीर्थस्वरूप बापूदादांस,

धाकट्या चुलतभावाचा, रूपरावचा, कान धरून साष्टांग नमस्कार. (कान का धरले ते पुढे कळेल.) ऑपरेशननंतर आपल्याला बारीक अक्षरही दिसू लागलं हे वाचून आनंद झाला आणि लगेच धाकधूकही, कारण आता माझी पत्रं विमलावहिनी नव्हे, आपण स्वतः वाचणार. वहिनींना नमस्कार. इकडे मी सोडून सर्व खुशाल.

आपलं कार्ड परवा मिळालं. माझ्या जपानहून आलेल्या पत्रावरून आपण शाळेसाठी किल्ल्याची पुस्तिका काढताय, आतल्या पानावर 'प्रत्यक्षदर्शी' म्हणून माझं नाव आहे आणि सोमवारी सगळं पुलगावच्या छापखान्यात जाणार, हे वाचून छाती फुगली. मग शेवटची ओळ वाचली. सेवाग्रामला आपल्याला भेटलेले जपानी भिक्षू म्हणतात की किल्ला बाहेरून पाच मजली दिसतो, पण आत सहा आहेत. एक बिनखिडक्यांचा मजला लपवलेला आहे आणि वर जाणाऱ्याला तो चढावाच लागतो. तेव्हा तुझा एक मोजायचा राहिला का, असं आपण विचारलंय. दादा, एक नाही, सहाच्या सहा राहिले. मी त्या किल्ल्यात पाऊलच ठेवलेलं नाही.

आमच्या कापडमिलनं मला एकोणऐंशी साली नवी यंत्रं शिकायला तीन महिने मात्सुमोतोला पाठवलं, हे खरं. गावाभोवती डोंगर, त्यांच्या माथ्यावर बर्फ, मधोमध पाण्यात उभा काळा किल्ला आणि लाल पूल, हेही खरं. (लोक त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात.) एका शेतकरी पुढाऱ्यानं मरता मरता रागानं पाहिलं आणि किल्ला कलला, ही तिथली कथा दुभाष्यानंच सांगितली. पण महिन्याभरानं, सुट्टी मिळालेल्या पहिल्या रविवारी मी नवा कोट घालून निघालो, तेव्हा खिशात आपलं पत्र होतं. आपली आई, माझी मोठी आई, गेल्याचं. दाराशी बघतो तर लोक जोडे काढून, मान वाकवून आत जातायत. मी म्हटलं, हे तर देऊळ! आणि आपल्याला सुतक. दारातूनच परत फिरलो.

पुढे आपलं पत्र आलं की किल्ल्यावरून काय दिसतं ते सविस्तर लिही. आयुष्यभर आपण मुलांना किल्ले शिकवले, पण डोळ्यांपायी स्वतःला एकही चढता आला नाही. मी पाहिला नाही, असं लिहायला माझा हात धजेना. म्हणून चढलो, कागदावर. त्या पत्रातला टोपी उडवणारा वारा आमच्या मिलच्या पाण्याच्या टाकीवरचा आहे. परत आल्यावर शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हा भैयाजी दलालांनी भर सभेत विचारलं, "काऊन गा रूपराव, त्या किल्ल्यात देव कोन्ता?" मी म्हटलं, शंकर. एकदा घसरलेला माणूस मध्ये कुठे थांबतो?

चौथीत मी पानिपतच्या लढाईत मनाचे चाळीस हत्ती घुसवले म्हणून आपण मला बाकावर उभं केलं होतं. त्याच माणसाच्या पुस्तिकेत मी लबाडी छापू देत होतो, याची फार लाज वाटते दादा. दोन वर्षं सांगीन सांगीन म्हणत राहिलो. सोमवारच्या आत माझं नाव आणि वरच्या मजल्यावरचा सगळा मजकूर खोडावा, ही विनंती.

आपला अपराधी,
रूपराव

ता. क. : सुतकाचं कारणही धड खरं नाही. मोठी आई गेल्यावर सव्वीस दिवसांनी आपलं पत्र पोचलं होतं आणि कडेला वहिनींनी लिहिलं होतं की तेरवी झाली, भाऊजींनी आंघोळ करून घ्यावी, बाकी काही पाळू नये. ते देऊळ नाही हेही दुसऱ्या दिवशीच कळलं. पुढे आठ रविवार मिळाले. आठही रविवार मी बाहेर पाण्याकाठी बसून आलो.

ता. क. दुसरा : आता लिहूनच टाकतो. निघताना मोठ्या आईनं शंकरपाळ्यांचा डबा दिला होता आणि म्हणाली होती, "थो किल्ला पाहून घेजो बाबू. अन् आल्यावर आधी मले सांगजो, मंग तुह्या बायकोले." आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. त्या पहिल्या रविवारी दारातून फिरल्यावर मी काठावरच्या दगडावर एक शंकरपाळा ठेवला. समोरच्या झाडावर कावळा होता, पण काही केल्या शिवेना. तासभर गेला. मग मला तिचं बोलणं आठवलं. आजूबाजूला जपानी माणसं असताना मी मोठ्यानं म्हटलं, "मोठी आई, पाह्यला वं किल्ला. काया आहे, पाण्यात उभा आहे, पाच मजले आहेत." कावळा आला आणि घेऊन गेला. मी तिथेच बसून रडलो. त्यानंतर आत जाऊन आणखी काय पाहायचं, असं झालं.

म्हणून पुस्तिकेत सहा छापा, खरं तेच छापा. फक्त घरी तिच्या फोटोपुढे कोणी ते मोठ्यानं वाचू नका. तिला मी पाचच सांगितले आहेत.