आडव्या बुद्धाच्या दारात

३ जानेवारी

ति. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पोचले बाई एकदाची. नातीच्या खोलीत एक खाट, एक टेबल आणि टेबलभर नकाशे. खाट मला दिली, स्वतः खाली झोपते. मी नको म्हटलं तर म्हणाली, आजी, तू जमिनीवर झोपलीस तर सकाळी तुला उचलायला क्रेन मागवावी लागेल. आजकालच्या पोरी! पण बोलते ते खरं.

ताई, काय सांगू, तू शाळेतून आलीस की मला शिकवायचीस, त्यातलं ते डोंगरातल्या लेण्यांचं जुनं शहर खरंच आहे गं! मला वाटायचं तू पदरचं घालतेस. एकाच डोंगरात इकडं शंकर, तिकडं विष्णू, चार पावलं पुढं बुद्धाचे विहार. भिंतीला भिंत लागून आहे, पण कुरबुर कसली नाही. आपल्या इमारतीत एका जिन्यावरून किती झाली! प्रत्येक देवळाला मी दोन प्रदक्षिणा घालते, एक माझी, एक तुझी. पहारेकऱ्यानं विचारलं, आजी वाट चुकलात का. म्हटलं नाही बाबा, बहिणीची राहिली होती.

नात मूर्तींची डागडुजी करते. तिच्या शेडमध्ये एका फळीवर नुसती नाकं, एकीवर नुसती बोटं. हसू आवरेना मला. एक देवी मांडीत मोडलेली होती. आत पोलादी गज घालून तिला उभी केलीय. तुझ्या मांडीत घातलाय तसाच.

आता मुद्द्याचं. तुझ्या सुनेचा नातीला फोन आला होता. डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, पण आता पाय टेकला नाहीस तर पुढं कधीच टेकणार नाहीस. आणि तू म्हणे पुरे झालं म्हणून भिंतीकडं तोंड करून पडलीस. ऐक. शेवटच्या लेण्यात आडवा बुद्ध आहे, तुझ्या पुस्तकातला. तो तू मला दाखवायचास असं आपलं ठरलं होतं. मी तिथं गेले नाही. तू आल्याशिवाय जाणार नाही आणि इथून हलणारही नाही. नातीला सांगून टाकलंय.

लोभ आहेच, राग आला तर तोही पाठव.
धाकटी

१२ जानेवारी

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

पत्र माझं मीच वाचलं. डोळे शाबूत आहेत. तुझं अक्षर अजून मुंग्या पळाल्यासारखंच आहे. शिकवलं मीच, तेव्हा बोलायची सोय नाही.

तुझी देवी उभी राहिली हे छान झालं. तिला कळा येत नाहीत. मी दोन पावलं टाकली आणि कोसळले. सून धरायला धावली, ती माझ्याखाली सापडली. तिचं मनगट सुजलं. त्या हातानंच माझं सगळं करते बिचारी, तोंडातून ब्र नाही. मग मी ठरवलं, आपण पडून राहावं, दुसऱ्याला पाडू नये.

आणि तुझा तो बुद्ध आडवा झाला तर लोक लांबून दर्शनाला येतात. मी आडवी झाले तर जो तो ऊठ म्हणतो. हा कुठला न्याय? मुकाट्यानं बघून घे आणि घरी जा. लहानपणी हट्टापायी उपाशी झोपायचीस, आता ते वय राहिलं नाही.

जपून राहा, पायऱ्यांवर चपला सांभाळ.
ताई

१९ जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

न्यायाचं मी नातीला विचारलं. ती म्हणाली, बुद्ध जन्मभर पायी फिरले. म्हातारपणी, आजारी असताना, त्या शेवटच्या दिवशीही चालतच आले आणि मग आडवे झाले. तेव्हाही कुणी काही विचारायला आलं तर त्याला सांगत होते. ऐकलंस? आधी चालले, मग आडवे झाले. तू मधलंच गाळतेस.

सुनेच्या मनगटाचं ऐकून वाईट वाटलं. पण चूक कुठं झाली ते मी शेडमध्ये बघितलं. देवीला उभी करताना दोन्ही बाजूंनी दोर बांधतात, पण ते सैल सोडतात. ओढले तर मूर्ती दोराच्या भरवशावर राहते आणि पुन्हा मोडते. तिचं वजन तिनंच घ्यायचं. दोर नुसता तोल गेला तर म्हणून. तेव्हा सुनेला म्हणावं, धरू नकोस, शेजारी नुसती राहा. तू ते चार पायांचं वॉकर घे. लाज वाटते म्हणे त्याची! पाय दोन आहेत तर चार मिळतायत, घे की.

इथं उन्हाचा चटका वाढलाय. नात रोज विचारते कधी जाणार. मी म्हणते ताईला विचार.

तुझ्या शिव्यांची वाट बघते.
धाकटी

६ फेब्रुवारी

चि. हट्टीस आशीर्वाद.

दारापर्यंत गेले. सून हात मागं बांधून शेजारून चालली. तिचे ओठ थरथरत होते. मी म्हटलं, रडायचं असेल तर आत जा, माझं लक्ष जातं. मग जिन्यापर्यंत गेले. तिथून खालची पोस्टाची पेटी दिसते. आठ वर्षं तिकडं ढुंकून बघितलं नव्हतं, आता दिसते पण पोचता येत नाही म्हणून तिचाच राग येतो. हे पत्र मी स्वतः टाकणार आहे. उशिरा मिळालं तर समज, जिना उतरतेय.

मी येईपर्यंत त्या लेण्यात पाऊल टाकलंस तर याद राख.
ताई

२८ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्यानं ताईला परवा आणून सोडलं. आज सकाळी वर गेलो. तिला कुणी हात लावला नाही. नात एका बाजूला, मी एका बाजूला, दोघी सैल. ती थांबायची, वॉकरला शिव्या द्यायची, पुन्हा निघायची.

आत गार काळोख. आधी पाय दिसतात, केवढे गं! मग शांत पसरलेलं अंग, मग चेहरा. दर्शनाला आलेली माणसं त्याला पाहून खाली बसत होती. नातीनं खुर्ची आणली. ताई नको म्हणाली. भिंतीच्या कडेनं पावलांपासून डोक्यापर्यंत चालत गेली आणि तिथं उभीच राहिली, बराच वेळ. खुर्चीवर शेवटी मीच बसले. काय वाटलं म्हणून विचारलं तर म्हणाली, यांचं चालून झालंय, माझं राहिलंय.

अजून देवळं राहिलीत म्हणून ताई आठवडाभर थांबतेय. तुला निरोप आहे: खोलीतली खाट भिंतीला लावलेली आहे ती ओढून मधे घे. दोन्ही बाजूंनी उतरायचंय म्हणाली.

मनगटाला जप. आम्हा दोघींची माया तुला.
धाकटी मावशी